फुप्फुसशोथ : रुग्णालयातील प्रतिजैव चिकित्सा

फुप्फुसातील वायुकोश व त्यांना लागून असलेले ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) यांच्या संसर्गजन्य शोथाला (दाहयुक्त सुजेला) फुप्फुसशोथ म्हणतात. न्यूमोनिया या नावाने तो सर्वपरिचित आहे. वायुकोशांत हवेऐवजी दाहजन्य स्राव साचल्याने फुप्फुसाचा तो भाग घट्ट होतो, रक्ताला ऑक्सिजन कमी पडतो आणि ताप, खोकला, श्वास घेताना छातीत कळ व धाप ही लक्षणे उद्‌भवतात. सौम्य प्रकारात तोंडाने औषधे घेऊन रोग घरीच बरा होतो. ज्या रुग्णांना रुग्णालयात ठेवावे लागते त्यांच्यासाठी प्रतिजैव (सूक्ष्मजंतूंना मारणाऱ्या वा त्यांची वाढ रोखणाऱ्या) औषधाची निवड करताना वैद्यापुढे एक विशेष अडचण असते. ही निवड रोगकारक जंतू ओळखण्यापूर्वीच करावी लागते. रक्त किंवा थुंकी यांतील जंतूंचे प्रयोगशाळेत संवर्धन करून त्यांचे नाव कळण्यास व ते कोणत्या औषधाने मरतात हे ठरण्यास २ ते ३ दिवस लागतात. तीव्र रोग तेवढी सवड देत नाही. म्हणून पहिले औषध हे एक सुविचारित अनुमान असते. अनुमानाची व्याप्ती फार अरुंद ठेवली तर रुग्ण दगावण्याचा धोका असतो; फार रुंद ठेवली तर तिची किंमत त्या रुग्णाला व त्याच्यामागून त्याच खाटेवर येणाऱ्या रुग्णांना मोजावी लागते.

इतिहास : फुप्फुसशोथाचा प्रमुख जंतू स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनी (न्यूमोकॉकस) हा १८८१ मध्ये फ्रान्समध्ये लुई पाश्चर व अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी स्वतंत्रपणे वेगळा केला. डॅनिश वैद्य हान्स क्रिस्त्यान ग्रॅम यांनी १८८४ मध्ये बर्लिन येथे शोधून काढलेली रंजनपद्धती फुप्फुसशोथाने मेलेल्यांच्या फुप्फुसांच्या छेदांत जंतू दिसावेत या हेतूनेच सिद्ध झाली होती. जंतूंचे ग्रॅम-रंज्य व ग्रॅम-अरंज्य असे दोन गट आजही औषधनिवडीचा पाया आहेत.

प्रतिजैवांपूर्वी घोड्याच्या व नंतर सशाच्या रक्तरसापासून केलेले प्रतिरक्तद्रव्य देत असत. ते न्यूमोकॉकसाच्या एकेका उपप्रकारावरच चालत असल्यामुळे जंतूचा उपप्रकार ओळखल्याशिवाय उपचार सुरूच होऊ शकत नसे. १९३८ मध्ये सल्फापिरिडीन (एम अँड बी ६९३) आले आणि ही अट नाहीशी झाली. इव्हान्स व गेस्फर्ड यांनी बर्मिंगहॅम येथे १०० रुग्णांना ते दिले व १०० रुग्णांना दिले नाही. मृत्युप्रमाण अनुक्रमे ८% व २७% आढळले. ब्रिटिश पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांना डिसेंबर १९४३ मध्ये ट्युनिशियात फुप्फुसशोथ झाला, तेव्हा त्यांना हेच औषध देण्यात आले होते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये शोधलेले पेनिसिलीन ऑक्सफर्ड येथे फ्लोरी, चेन व हीटली यांच्या प्रयत्नांनी १९४१ पर्यंत रुग्णाला देण्याजोगे झाले. भारतात त्याचे उत्पादन पुण्याजवळील पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्यात १९५५ पासून होऊ लागले.

पेनिसिलीन आल्यावर हा रोग जिंकला गेला असा समज पसरला. तो किती अपुरा होता हे रॉबर्ट ऑस्ट्रियन व जेरोम गोल्ड यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या न्यूयॉर्कमधील पाहणीवरून दिसून आले. जंतू रक्तात शिरलेले रुग्ण पूर्वी बहुतांशी दगावत. पेनिसिलिनाने हे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांवर आले. तथापि जे रुग्ण आजाराच्या पहिल्या ५ दिवसांतच मरणार होते, त्यांच्या मृत्यूंत जवळजवळ काहीच फरक पडला नव्हता. योग्य औषध देऊनही रुग्ण का मरतो, याचे उत्तर जंतूंच्या संख्येत नसून शरीराच्या प्रतिक्रियेत व उपचारास झालेल्या उशिरात आहे, ही जाणीव तेव्हापासूनची आहे. अधिक तीव्र किंवा अधिक महाग प्रतिजैव दिल्याने हे मृत्यू टळतील ही अपेक्षा मात्र वैद्य व नातेवाईक या दोघांच्याही मनातून अद्याप गेलेली नाही.

रोगकारक जंतू : रुग्णालयाबाहेर जडणाऱ्या फुप्फुसशोथात न्यूमोकॉकस हा सर्वांत महत्त्वाचा जंतू होय. त्याखालोखाल हीमोफायलस इन्फ्ल्यूएंझी, मायकोप्लाझ्मा, क्लॅमिडोफिला, लीजिओनेला, स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि क्लेब्सिएला हे जंतू आढळतात. भारतातील मधुमेही व मद्यपी रुग्णांत क्लेब्सिएलाचा विचार विशेषत्वाने करावा लागतो. इन्फ्ल्यूएंझासारखे व्हायरस स्वतः फुप्फुसशोथ घडवितातच, शिवाय स्टॅफिलोकॉकस व न्यूमोकॉकस यांना वाट मोकळी करून देतात. अमेरिकेतील पाच रुग्णालयांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर पाहणीत उपलब्ध सर्व चाचण्या करूनही केवळ ३८% रुग्णांत रोगकारक सापडला. त्यांतही सूक्ष्मजंतूंपेक्षा व्हायरसांचे प्रमाण जास्त होते. म्हणजे बहुसंख्य रुग्ण जंतूचे नाव कधीच न कळता बरे होतात.

मायकोप्लाझ्माला कोशिकाभित्ती (कोशिकेचे बाहेरील कठीण आवरण) नसते. पेनिसिलीन व सेफॅलोस्पोरिने यांचा बीटा-लॅक्टम वर्ग कोशिकाभित्तीच्या घडणीतच अडथळा आणतो, म्हणून तो येथे निष्प्रभ ठरतो. लीजिओनेला माणसाच्या भक्षककोशिकांच्या आत राहतो आणि तेथवर बीटा-लॅक्टम औषधे पुरेशी पोहोचत नाहीत. या जंतूचा शोध लागला त्याची हकिकत बोधप्रद आहे. जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले असता अनेकांना गंभीर फुप्फुसशोथ झाला व सुमारे ३० जण मरण पावले. नेहमीची बीटा-लॅक्टम औषधे चालली नाहीत. एरिथ्रोमायसीन किंवा टेट्रासायक्लीन मिळालेले रुग्ण मात्र तुलनेने अधिक वाचले. जंतू जोसेफ मॅकडेड यांना जानेवारी १९७७ मध्ये सापडला. औषधाचा पुरावा जंतूच्या शोधाआधी हाती आला होता. बीटा-लॅक्टमाच्या जोडीला मॅक्रोलाइड वर्गातील (एरिथ्रोमायसीन, ॲझिथ्रोमायसीन, क्लॅरिथ्रोमायसीन) औषध देण्याच्या प्रथेला या घटनेने मोठे बळ मिळाले.

तीव्रतेचे मोजमाप : औषध ठरविण्यापूर्वी रुग्ण किती धोक्यात आहे हे ठरवितात. यासाठी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘कर्ब-६५’ ही गुणपद्धती सोपी आहे. मानसिक गोंधळ, रक्तातील यूरियाचे वाढलेले प्रमाण, मिनिटाला ३० वा अधिक श्वसने, आकुंचनकालीन रक्तदाब ९० पेक्षा कमी किंवा प्रसरणकालीन ६० वा त्याहून कमी, आणि वय ६५ वा अधिक, या प्रत्येकास १ गुण देतात. २ गुण झाल्यास रुग्णालयाचा विचार करावा. ३ किंवा अधिक गुण तीव्र रोगाचे द्योतक आहेत. यूरिया न मोजताही उरलेल्या चार गोष्टी तालुक्याच्या ठिकाणी, किंबहुना रुग्णाच्या घरी खाटेपाशी उभे राहून पाहता येतात. त्यांतही श्वसनाचा वेग पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजणे ही गोष्ट सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. तरुण रुग्णात गुण कमी येऊनही रक्तातील ऑक्सिजन धोकादायक पातळीला गेलेला असू शकतो, म्हणून बोटाला लावण्याच्या मापकाने तोही पाहतात.

नेहमीची निवड : अतिदक्षता विभागाबाहेरील रुग्णास सामान्यतः एक बीटा-लॅक्टम औषध नीलेतून (शिरेतून) अंतःक्षेपणाने देतात. सेफ्ट्रिॲक्सोन (दिवसातून एकदा १ ते २ ग्रॅम), सेफोटॅक्सिम किंवा ॲमॉक्सिसिलीन व क्लॅव्ह्युलॅनिक अम्ल यांचे मिश्रण ही त्यांतील प्रमुख होत. त्याच्या जोडीला ॲझिथ्रोमायसीन किंवा क्लॅरिथ्रोमायसीन देतात. अमेरिकेत याला पर्याय म्हणून लीव्होफ्लॉक्सासीन वा मॉक्सिफ्लॉक्सासीन हे फ्लुओरोक्विनोलोन वर्गातील एकच औषध देणे मान्य आहे. स्कँडिनेव्हियातील देश याउलट सौम्य व मध्यम रोगात आजही साध्या पेनिसिलिनावर भिस्त ठेवतात.

जोडीचे औषध खरोखर आवश्यक आहे का, यावर मतभेद आहेत. नेदर्लंड्समधील ७ रुग्णालयांत २,२८३ रुग्णांवर केलेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात अतिदक्षता विभागाबाहेरील रुग्णांत केवळ बीटा-लॅक्टम देण्याचे धोरण ९० दिवसांतील मृत्यूंच्या बाबतीत इतर दोन्ही धोरणांपेक्षा कमी प्रतीचे ठरले नाही. ग्रीसमधील २०२४ च्या परीक्षणात मात्र क्लॅरिथ्रोमायसिनाची जोड दिलेल्या रुग्णांत लवकर सुधारणा दिसली. ही सुधारणा जंतुनाशनाने होते की मॅक्रोलाइडांच्या दाहशामक गुणाने, हा वादाचा विषय आहे. तीव्र रोगात, म्हणजे रुग्णास कृत्रिम श्वसनयंत्राची गरज असेल किंवा अवसादामुळे (रक्तदाब कोसळून ऊतकांना रक्त अपुरे पडल्यामुळे) रक्तदाब टिकविणारी औषधे द्यावी लागत असतील, तेव्हा जोड द्यावी याविषयी दुमत नाही. अशा अवस्थेत लीजिओनेला निसटू देणे परवडत नाही.

न्यूमोकॉकसाचा पेनिसिलीन-प्रतिरोध १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियात व १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत लक्षात आला, आणि पेनिसिलीन आता कालबाह्य झाले असे अनेकांस वाटू लागले. हा प्रतिरोध मस्तिष्कावरणशोथात (मेंदूच्या आवरणाच्या दाहात) घातक ठरतो, कारण तेथे औषध कमी पोहोचते. फुप्फुसात मात्र नीलेतून दिलेल्या पुरेशा मात्रेने तो बहुधा ओलांडता येतो. या फरकाची दखल घेऊन २००८ मध्ये अमेरिकेतील प्रयोगशाळांसाठीचे निकष बदलण्यात आले. तेव्हा कागदावर प्रतिरोधी ठरणारे अनेक जंतू एका रात्रीत औषधाने मरणारे ठरले. मॅक्रोलाइडांविरुद्धचा प्रतिरोध अशा रीतीने मात्रा वाढवून ओलांडता येईलच असे नाही, म्हणून रुग्णालयातील रुग्णास केवळ मॅक्रोलाइड देत नाहीत.

भारतातील विशेष अडचण : अमेरिकेतील शिफारशी जशाच्या तशा येथे लागू करता येत नाहीत याचे मुख्य कारण क्षयरोग हे होय. फ्लुओरोक्विनोलोने क्षयाच्या जंतूवरही परिणाम करतात. खोकला, ताप व क्ष-किरण चित्रात छाया असलेल्या रुग्णाला लीव्होफ्लॉक्सासीन दिले आणि ८ दिवसांत ताप उतरला, तर तो साधा फुप्फुसशोथ होता असे सर्वांना वाटते. रुग्ण घरी जातो. रोग क्षयाचा असेल तर दबलेला ताप काही आठवड्यांनी परततो. दरम्यान थुंकीतील जंतू घटल्यामुळे तपासणी नकारार्थी येण्याचा संभव असतो, घरातील माणसांना संसर्ग होत राहतो आणि एकट्या औषधाला तोंड दिलेले क्षयजंतू त्याला प्रतिरोधी बनू शकतात. हे नुकसान दुहेरी आहे. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर बेडाक्विलीन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सासीन यांचा सहा महिन्यांचा उपचार आता उपलब्ध आहे. त्यांतील शेवटची दोन औषधे फुप्फुसशोथासाठी सर्रास खर्ची पडत असतात. भारतीय छातीरोगतज्ञांच्या संघटनांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात फुप्फुसशोथाच्या प्रारंभिक चिकित्सेत फ्लुओरोक्विनोलोने टाळावीत असे सांगितले आहे ते यामुळेच. पेनिसिलिनाची खरीखुरी व गंभीर ॲलर्जी हा त्यास मोजका अपवाद होय. अशा वेळी आधी थुंकी क्षयाच्या तपासणीस पाठवावी. ॲलर्जी आहे असे सांगणाऱ्यांपैकी बहुसंख्य रुग्ण नीट चौकशी व चाचणी केल्यावर तसे नसतात, हेही लक्षात ठेवणे जरूर आहे.

किनारपट्टीवर व विशेषतः पावसाळ्यात मेलिऑयडोसिस या रोगाचा विचार करावा लागतो. त्याचा जंतू बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅली ओल्या मातीत व साचलेल्या पाण्यात राहतो. आल्फ्रेड व्हिटमोर यांनी १९१२ च्या सुमारास रंगून येथे तो प्रथम वर्णिला. कर्नाटकाच्या किनारी भागातून त्याचे अनेक रुग्ण नोंदले गेले असून मधुमेही शेतकरी व शेतमजूर त्यास विशेष बळी पडतात. प्रयोगशाळेत तो निरुपद्रवी वा दूषितकारक जंतू समजून टाकून दिला जाण्याची शक्यता असते. सेफ्ट्रिॲक्सोन त्यावर पुरेसे चालत नाही. सेफ्टॅझिडीम किंवा मेरोपेनेम द्यावे लागते. भातशेतीत काम करणारा मधुमेही रुग्ण नेहमीच्या औषधांनी तिसऱ्या दिवशीही सुधारत नसेल, तर ही शंका घ्यावी.

व्यापक औषधे कोणाला : मेथिसिलीन-प्रतिरोधी स्टॅफिलोकॉकस व स्यूडोमोनस या दोन जंतूंवर नेहमीची जोडी चालत नाही. पहिल्यासाठी व्हँकोमायसीन किंवा लिनेझोलिड, तर दुसऱ्यासाठी पिपरॅसिलीन व टॅझोबॅक्टम, सेफेपीम किंवा मेरोपेनेम वापरतात. पूर्वी ज्या रुग्णाचा रुग्णालयांशी काही संबंध आला असेल त्या प्रत्येकास ही औषधे द्यावीत असे २००५ मध्ये अमेरिकेत सुचविले गेले. परिणामी ती भरमसाट वापरली गेली, पण मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. २०१९ मध्ये तो वर्गच रद्द करण्यात आला. आता पूर्वी याच जंतूंचा संसर्ग झालेला असणे, अथवा गेल्या ९० दिवसांत रुग्णालयात राहून नीलेतून प्रतिजैवे घेतलेली असणे, यांसारख्या ठोस कारणांवरच ती सुरू करतात. संवर्धनात ते जंतू न आढळल्यास ४८ तासांनी बंदही करतात.

रुग्णालयात दाखल झाल्यावर ४८ तासांनंतर उद्‌भवणारा फुप्फुसशोथ ही निराळी बाब आहे. तेथे त्या त्या रुग्णालयातीलच जंतू कारणीभूत असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अलीकडील वार्षिक अहवालांत मोठ्या रुग्णालयांतील क्लेब्सिएलांपैकी निम्म्याहून अधिक कार्बापेनेम वर्गातील औषधांना प्रतिरोधी आढळले आहेत. त्यानंतर कोलिस्टिन व सेफ्टॅझिडीम-ॲव्हिबॅक्टम यांसारखी थोडीच औषधे हाती उरतात. कोलिस्टिन मूत्रपिंडांना अपायकारक आहे आणि दुसरे अनेकांच्या ऐपतीबाहेरचे आहे. यास्तव प्रत्येक रुग्णालयाने आपल्याकडील जंतूंचा व त्यांच्या प्रतिरोधाचा तक्ता दर वर्षी तयार करणे हे पाश्चात्त्य ग्रंथांतील कोणत्याही शिफारशीपेक्षा अधिक मोलाचे आहे. पुष्कळ ठिकाणी तो तयार होत नाही. तिसऱ्या व चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिने आणि कार्बापेनेमे यांच्या विक्रीची नोंद ठेवणे भारतात १ मार्च २०१४ पासून औषधविक्रेत्यांना बंधनकारक आहे.

औषध फुप्फुसात पोहोचते का हाही प्रश्न निवडीत येतो. जेंटामायसिनासारखी ॲमिनोग्लायकोसाइडे श्वासमार्गातील स्रावात कमी उतरतात. डॅप्टोमायसिनाचे उदाहरण तर विलक्षण आहे. हे औषध परीक्षानळीत न्यूमोकॉकस व स्टॅफिलोकॉकस या दोहोंना ठार करते, पण फुप्फुसशोथाच्या परीक्षणांत ते अपयशी ठरले. वायुकोश मिटू न देणारा जो नैसर्गिक स्निग्ध थर फुप्फुसात असतो तोच या औषधाला निष्क्रिय करतो, असे नंतर आढळून आले.

पहिली मात्रा व फेरविचार : अवसादात असलेल्या रुग्णास पहिली मात्रा तासाभरात मिळावयास हवी, तत्पूर्वी रक्ताचा नमुना घ्यावा, पण नमुन्यासाठी औषध खोळंबू देऊ नये. इतर रुग्णांत एवढी घाई उलट बाधते. अमेरिकेत काही वर्षे ४ तासांच्या आत प्रतिजैव देणे हे रुग्णालयाच्या गुणवत्तेचे माप मानले गेले. तेव्हा हृदयविकाराने धाप लागलेल्यांनाही फुप्फुसशोथ समजून औषधे दिली जाऊ लागली. मर्यादा ६ तासांवर नेण्यात आली व पुढे ते मापच सोडून देण्यात आले.

तिसऱ्या दिवशी सर्व माहिती पुन्हा पाहून औषध अरुंद करणे, तोंडाने देणे किंवा थांबविणे हा चिकित्सेचा पहिल्या मात्रेइतकाच महत्त्वाचा भाग आहे. संवर्धनात पेनिसिलिनाने मरणारा न्यूमोकॉकस मिळाल्यास पेनिसिलीन वा ॲमॉक्सिसिलीन पुरते. सुधारत असलेल्या रुग्णाचे औषध बदलण्यास वैद्य कचरतात. ही भीती समजण्याजोगी आहे, पण तिला आधार नाही. कोव्हिड-१९ च्या साथीत ही सवय किती खोल आहे ते दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या माहितीनुसार रुग्णालयातील सुमारे ८% रुग्णांतच सूक्ष्मजंतूंचा जोडसंसर्ग होता, परंतु सुमारे ७५% रुग्णांना प्रतिजैवे मिळाली होती. लक्षणे तीव्र नसतील व इन्फ्ल्यूएंझा किंवा कोव्हिड सिद्ध झाला असेल, तर ४८ ते ७२ तासांत प्रतिजैव थांबविता येते.

औषध १० ते १४ दिवस देण्याची जुनी पद्धत परीक्षणांवर आधारलेली नव्हती. ताप उतरून नाडी, श्वसन व रक्तदाब स्थिरावल्यास ५ दिवस पुरतात. फ्रान्समधील २०२१ च्या परीक्षणात तिसऱ्या दिवशी स्थिरावलेल्या मध्यम तीव्रतेच्या रुग्णांत ३ दिवसांचा बीटा-लॅक्टम उपचार ८ दिवसांच्या उपचारापेक्षा कमी ठरला नाही. लीजिओनेला, स्टॅफिलोकॉकस, फुप्फुसातील गळू आणि छातीच्या पोकळीत साचलेला पू यांना अधिक काळ लागतो. शिवाय पू नळी घालून काढल्याखेरीज कोणतेही प्रतिजैव एकट्याने पुरे पडत नाही. क्ष-किरण चित्रातील छाया वृद्ध रुग्णांत ६ आठवडे किंवा त्याहूनही अधिक टिकू शकते. केवळ ती दिसते म्हणून औषध लांबवीत नाहीत. इतक्या अवधीनंतरही ती तशीच राहिली तर क्षय व, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत, फुप्फुसाचा कर्करोग यांसाठी तपासणी करतात.